पुढे कुठून जायचं?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या एक बाई मोबाइल घेऊन माझ्याकडे आल्या. सत्तावीस वर्षांची नोकरी, त्यातली बहुतेक पहिली-दुसरीच्या वर्गावर. शिक्षकांसाठीचं एक सक्तीचं ऑनलाइन प्रशिक्षण पुरं करायचं होतं आणि मुदत संपायला दोन दिवस उरले होते. सगळे धडे पाहून झाले होते, तरी पडद्यावर ‘९४ टक्के पूर्ण’ एवढंच दिसत होतं. प्रमाणपत्राचं बटण काही केल्या दाबलं जात नव्हतं.

“हा बावीस मिनिटांचा व्हिडिओ मी तीनदा बघितला, सर. अगदी शेवटपर्यंत. तरी त्याच्यापुढं बरोबरची खूण येईना. माझंच काहीतरी चुकत असणार. वय झालं, आता ह्या गोष्टी जमत नाहीत.”

मी फोन हातात घेतला. गेली काही वर्षं मी मोठ्या माणसांसाठी मराठीतून ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करतो, माझं पोट याच कामावर आहे, तरी मला उत्तर सापडायला पंधरा मिनिटं लागली. व्हिडिओ संपल्यावर फोनचं मागे जायचं बटण दाबून बाहेर आलं, तर धडा पाहिल्याची नोंदच होत नव्हती. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, पांढऱ्या पट्टीवर फिकट करड्या रंगात, ज्वारीच्या दाण्याएवढी एक फुली होती. त्या फुलीवरून बाहेर पडलं तरच खूण हिरवी व्हायची. बाईंनी ती फुली पाहिली होती. पण फुली म्हणजे चूक, फुली म्हणजे रद्द, हे सत्तावीस वर्षं वह्या तपासणाऱ्या माणसाच्या हाडात मुरलेलं असतं. बावीस मिनिटं खर्चून पाहिलेल्या धड्यावर त्या स्वतःच्या हाताने फुली मारणार नव्हत्या. त्यांच्या जागी मीही मारली नसती.

काम झालं, बाई आभार मानून गेल्या. माझ्या मनातून मात्र ते ‘माझंच चुकत असणार’ गेलं नाही.

अभ्यासक्रम दिसतो कसा आणि त्यात फिरायचं कसं, ही वरवरची सजावट आहे, मजकूर चांगला असला म्हणजे झालं, असं मानणारे लोक माझ्या व्यवसायात पुष्कळ आहेत. बैठकीत हा विषय निघतो तो शेवटच्या पाच मिनिटांत, चहाचे कप गोळा होत असताना. ‘रंगबिंग नंतर बघू’ म्हणून तो मिटतो. मला हे मुळातच चुकीचं वाटतं. ऑनलाइन अभ्यासक्रमात मांडणी हीच निम्मी शिकवणी असते. वर्गातला शिक्षक हाताने, नजरेने, आवाजाच्या चढउताराने जे काम करतो ते सगळं तिथे मांडणीच्या अंगावर येतं. मांडणी वाईट असेल तर शिकवणंच वाईट झालं, मग विषयाचा जाणकार कितीही मोठा असो.

चांगल्या शिक्षकाचा एक तास आठवून बघा. आकृती तो एकदम पुरी काढत नाही. आधी एक रेघ, तिचं नाव, मग दुसरी रेघ. बोलता बोलता छडीचं टोक नेमक्या भागावर ठेवतो. महत्त्वाचा शब्द आला की खडू बदलतो. कालचं फळ्यावर उरलेलं असेल तर आधी पुसतो, नाहीतर पोरांचं लक्ष तिकडे जाणार हे त्याला ठाऊक असतं. मागच्या बाकावरचा चेहरा कोरा दिसला की दोन पावलं मागे येतो. यातलं काहीही पाठ्यपुस्तकात छापलेलं नसतं, आणि यालाच आपण ‘शिकवण्याची हातोटी’ म्हणतो. तोच धडा आपण पडद्यावर नेतो तेव्हा शब्द तेवढे उचलून नेतो आणि हातोटी वर्गात ठेवून येतो. पडद्यावर छडीचं काम ठळक शब्दाने, बाणाने, रिकाम्या जागेने करायचं असतं. कोरा चेहरा ओळखायची सोय तर पडद्याला नाहीच. म्हणून ‘तुम्ही इथे आहात, एवढं झालं, एवढं उरलं, अडलात तर इकडे या’ हे सारं आधीच सांगून ठेवावं लागतं.

छापील पुस्तक हे काम गुपचूप करत असतं. पुस्तक हातात घेतलं की उजव्या हाताखालच्या पानांची जाडी किती उरलं ते सांगते. ‘ती व्याख्या डाव्या पानावर खाली होती, वर एक आकृती होती’ अशी आठवण आपल्या सगळ्यांना असते, आणि परीक्षेत कित्येकदा तीच हात देते. घड्या घातलेला कोपरा, पेन्सिलीची रेघ, मधे ठेवलेलं एसटीचं तिकीट या सगळ्या परतीच्या वाटा आहेत. मोबाइलच्या सरकत्या पडद्यावर ना जाडी असते, ना डावं पान, ना कोपरा. ते सगळं काढून घेतल्यावर त्याच्या बदल्यात काय देतो, हा आम्हा अभ्यासक्रम करणाऱ्यांना विचारायचा पहिला प्रश्न आहे.

आपल्याकडे या प्रश्नाचं चांगलं उत्तर कागदावर फार पूर्वीच दिलेलं आहे, याचं मला अप्रूप वाटतं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं. त्याचा विद्यार्थी म्हणजे दिवसभर नोकरी, शेती किंवा घरकाम करून रात्री एकट्याने पुस्तक उघडणारा माणूस. शेजारी शिक्षक नाही. म्हणून त्या विद्यापीठाच्या पुस्तकांतल्या घटकांना एक ठरलेला सांगाडा दिला गेला: आधी उद्दिष्टं, मग प्रास्ताविक, विषयविवेचन, मधेमधे स्वतःला तपासायचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं, सारांश, कठीण शब्दांचे अर्थ. एक घटक वाचला की पुढच्या घटकात काय कुठे सापडेल हे हाताला कळतं. वाट शोधण्यात शक्ती जात नाही, ती विषयाला मिळते. आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ साली सुरू केलेल्या एनपीटीईएल या ऑनलाइन उपक्रमाच्या अभ्यासक्रमांचंही तेच. चार, आठ किंवा बारा आठवडे, दर आठवड्याचे धडे, दर आठवड्याचा स्वाध्याय. यात दिखाऊ काही नाही. पण आज आपण कुठे आहोत हे विद्यार्थ्याला कोणत्याही क्षणी सांगता येतं. मांडणी म्हणजे रंगीबेरंगी असणं नव्हे, हे ज्यांना पटत नाही त्यांनी मुक्त विद्यापीठाचं एखादं साधं काळं-पांढरं पुस्तक उघडून पाहावं.

यामागे माणसाच्या मेंदूची एक मर्यादा आहे. एका वेळी डोक्यात धरून ठेवता येणाऱ्या गोष्टी फार थोड्या असतात. ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांनी १९८८ साली या मर्यादेवरून शिकण्याच्या ओझ्याचा विचार मांडला. विषय अवघड असतो म्हणून येणारं ओझं वेगळं आणि तो भोंगळपणे मांडला म्हणून येणारं ओझं वेगळं. दोन्ही ओझी एकाच खांद्यावर पडतात. ‘हे बटण कशाचं असेल’ या विचारात जेवढं डोकं गुंतलं, तेवढं अपूर्णांकांना कमी मिळालं.

रिचर्ड मेयर यांनी १९९० च्या दशकात सँटा बार्बारा इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात आकाशातली वीज कशी तयार होते या छोट्याशा धड्यावर प्रयोग केले. मजकूर आणि चित्रं तीच, एका गटाला स्पष्टीकरण चित्राला लागून दिलं, दुसऱ्याला दूर वेगळ्या ठिकाणी. चित्राशेजारी वाचलेल्यांना विषय जास्त चांगला समजला. पुढचा प्रयोग मला अधिक मोलाचा वाटतो. धडा रंगतदार व्हावा म्हणून त्यात विजेबद्दलचे चित्तथरारक किस्से आणि फोटो घातले, तेव्हा मुख्य कार्यकारणभाव शिकणाऱ्यांच्या ध्यानात कमी राहिला. किस्से राहिले, वीज का पडते ते निसटलं. आपल्याकडे ‘आकर्षक’ अभ्यासक्रम म्हणून जे विकलं जातं, नाचणारी अक्षरं, प्रत्येक टिचकीला टाळ्यांचा आवाज, कोपऱ्यात हात हलवणारी बाहुली, त्यावर हा थेट आक्षेप आहे. माझा आग्रह देखण्या अभ्यासक्रमाचा आहे तो याच अर्थाने. जे शिकायचं ते डोळ्यात भरावं आणि बाकीचं बाजूला व्हावं.

आकडे फार पटकन आपल्या बाजूने ओढू नयेत, पण काही आकडे विसरता येत नाहीत. हार्वर्ड आणि एमआयटीने एडएक्स या ऑनलाइन मंचावर चालवलेल्या अभ्यासक्रमांची २०१२ ते २०१८ या काळातली नोंद तपासून २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. नाव नोंदवलेल्यांपैकी ५२ टक्क्यांनी अभ्यासक्रमात पाऊलही टाकलं नव्हतं. २०१७-१८ मध्ये नोंदणी केलेल्यांतले शेवटपर्यंत पोहोचले ३.१३ टक्के. याची कारणं अनेक आहेत. मोफत असल्यामुळे लोक सहज नाव घालतात, वेळ मिळत नाही, हवं तेवढं शिकून काही जण समाधानाने निघून जातात. सगळं खापर मांडणीवर फोडणं अप्रामाणिकपणा होईल. पण त्याच एडएक्सवरच्या चार अभ्यासक्रमांतली ६९ लाख व्हिडिओ-सत्रं तपासणाऱ्या २०१४ च्या अभ्यासात असं आढळलं, की व्हिडिओ कितीही लांब असला तरी पाहण्याच्या कालावधीचा मध्यक सहा मिनिटांच्या पुढे जात नव्हता. बाईंचा व्हिडिओ बावीस मिनिटांचा होता. मधे थांबायला एकही टप्पा नाही, कुठल्या मिनिटाला काय आहे याची यादी नाही. त्या तीनदा शेवटपर्यंत बसल्या त्या प्रमाणपत्रासाठी. तिन्ही वेळा मिळून त्यांच्या हाती काय लागलं, हे त्या प्रशिक्षणाने विचारलंच नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ‘आम्ही कंदिलाखाली अभ्यास केला. ज्याला शिकायचंय तो कसाही शिकतो. सगळं सोपं करून ठेवलं तर विद्या पचत नाही.’ यात खरं काय आहे? लॉस एंजेलिसचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बीयॉर्क यांनी दाखवून दिलं आहे, की काही अडचणी शिकण्याला उपकारक ठरतात. उत्तर बघण्याआधी आठवून पाहणं, सराव एका दिवसात न उरकता दिवसांच्या अंतराने करणं, निरनिराळ्या प्रकारची गणितं मिसळून सोडवणं. हे कष्टाचं असतं आणि म्हणूनच टिकतं. इथवर मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूला आहे. पण हा नियम वाचण्या-शोधण्याच्या अडचणीला लावला की तो लंगडा पडतो. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठातून २०१८ साली एक खास टाइप आला. मुद्दाम तुटक, तिरपा, वाचायला त्रासदायक, म्हणजे वाचलेलं लक्षात राहील, असा त्यामागचा विचार होता. त्याचा गाजावाजा खूप झाला. पुढे इतर संशोधकांनी तपासलं तेव्हा वाचायला त्रास झाला तो झालाच, स्मरणशक्तीला फायदा मात्र दिसला नाही. गणित अवघड असावं. गणिताचं पान सापडणं अवघड असण्यात कसलाही संस्कार नाही. आणि कंदिलाखाली शिकलेल्यांबद्दल बोलताना आपण कंदिलाखाली शिकणं सुटलेल्यांना मोजतच नाही.

मराठीतून काम करणाऱ्यासाठी या सगळ्याला आणखी एक पदर आहे, आणि तिथे आमच्याकडून होणारी हयगय मला सर्वांत जास्त बोचते. बहुतेक अभ्यासक्रमांचे साचे इंग्रजीसाठी बनलेले असतात, त्यात मराठी ओतली जाते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार येतात, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. इंग्रजीसाठी ठरवलेल्या ओळींच्या अंतरात हे बसवलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. इंग्रजी शीर्षकं ऐसपैस दिसावीत म्हणून अक्षरांत अंतर सोडलेलं असतं. त्याच अंतराने मराठी शब्दाची शिरोरेषा तुटते आणि ‘पर्यावरण’ हा शब्द सुट्या अक्षरांची रांग होतो. महत्त्वाच्या शब्दाखाली ओढलेली रेघ उकार कापत जाते. भूगोलाच्या एका धड्यात मी ‘दऱ्या’ लिहिलं होतं. निवडलेल्या टाइपमध्ये तो अर्धा ऱ धडपणे उमटत नव्हता म्हणून कुणीतरी परस्पर ‘दर्या’ करून टाकलं. डोंगरांमधल्या दऱ्यांचा समुद्र झाला, आणि छोट्या चाचणीत त्यावर प्रश्नही होता.

हे टाळणं अशक्य असतं तर गोष्ट वेगळी. मुंबईत जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला, आणि त्याचा टाइप पुढे सुबकपणासाठी नावाजला गेला. संगणकाच्या काळात र. कृ. जोशींनी विंडोजसाठी मंगल हा फाँट घडवला. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या मंडळींचा ‘मुक्त’ हा फाँट आज कुणालाही फुकट वापरता येतो. दीडशे वर्षांची ही मेहनत हाताशी असताना आम्ही साच्यात जो फाँट आधीपासून असेल तोच ठेवतो.

शब्दांचंही तसंच. पडद्यावर लिहिलेलं असतं ‘डॅशबोर्ड’, ‘मॉड्यूल’, ‘असेसमेंट’, नाहीतर यंत्राने ‘होम’चं भाषांतर करून टाकलेलं ‘घर’, ज्यावर बोट ठेवलं की पहिल्या पानावर जायचं. अनुक्रमणिका, धडा, स्वाध्याय, चाचणी, गुण, पुढचा धडा, मागचा धडा हे शब्द महाराष्ट्रातल्या शाळेत गेलेल्या प्रत्येक माणसाला पहिल्या पाच वर्षांत मिळालेले असतात. शिकण्याच्या जगात हिंडायचा हा आपला तयार नकाशा आहे. मला इंग्रजी शब्दांचं वावडं नाही. मोबाइलला मी मोबाइलच म्हणतो. पण जिथे लोकांच्या तोंडी शब्द आहे तिथे तो काढून टाकणं म्हणजे गावातल्या रस्त्यावरची ओळखीची पाटी उपटण्यासारखं आहे.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हा चर्चा क्यूआर कोडची झाली. मला त्या कल्पनेतली वाट महत्त्वाची वाटते. मुलाच्या हातात पुस्तक आहे, धडा उघडा आहे, त्याच पानावरच्या चौकटीपुढे फोन धरला की त्याच धड्याचं दृक्-श्राव्य साहित्य समोर येतं. विषय शोधा, इयत्ता निवडा, माध्यम निवडा, यादी सरकवा, हे काहीच नाही. पुस्तकाचं पान हीच अनुक्रमणिका झाली. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही असे कोड आले. तंत्र म्हणून क्यूआर कोड काही मोठी गोष्ट नव्हती. शिकणारा आधीपासून जिथे उभा आहे तिथूनच वाट काढायची, हे एका गावातल्या शिक्षकाला सुचलं, कारण तो त्या मुलांशेजारी बसत होता. अभ्यासक्रम बनवणाऱ्यांपैकी किती जण शिकणाऱ्याच्या शेजारी बसतात? मीही अनेक वर्षं बसलो नव्हतो. मी माझे धडे मोठ्या पडद्यावर, पंख्याखाली बसून तपासायचो. एकदा एका शेतकऱ्याने बांधावर उभं राहून माझाच धडा मला दाखवला. दुपारच्या उन्हात माझी मोठ्या हौसेने निवडलेली राखाडी अक्षरं साफ नाहीशी झाली होती.

अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक किमान ४.५ ला १ असावा, असा जगभर मानला जाणारा निकष २००८ पासून लिहून ठेवलेला आहे. तो मोजायची साधनं फुकट आहेत, अर्धं मिनिट लागतं. दृष्टी नसलेला विद्यार्थी पडदा ऐकून वापरतो. बटणांना नावं दिलेली नसतील तर त्याला ऐकू येतं ‘बटण, बटण, बटण’. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, आणि डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या एप्रिलमध्ये म्हटलं आहे. तरी अभ्यासक्रम मंजूर करताना ‘किती तासांचा, किती व्हिडिओ’ हे विचारलं जातं. ‘नवख्या माणसाने स्वतःहून शेवटपर्यंत जाऊन दाखवलं का’ हे विचारलं जात नाही. पाच माणसं शेजारी बसवून, काहीही न सांगता, त्यांचं बोट कुठे अडखळतं ते पाहायला एक दिवस पुरतो. माझ्या मते तो दिवस झाल्याशिवाय एकाही अभ्यासक्रमाचं बिल मंजूर होऊ नये.

कारण वाट चुकलेला माणूस तक्रार करत नाही. रस्त्यातल्या खड्ड्यात पाय मुरगळला तर आपण खड्ड्याला शिव्या देतो. पडद्यावर अडखळलेला माणूस स्वतःला दोष देतो. ज्याला इंग्रजी येतं, शहरात राहतो, तरुण आहे, तो चिडून दुसरं काही उघडतो. ज्याच्या मनात ‘आपल्याला जमेल का’ ही शंका आधीपासून बसलेली आहे, शाळा अर्धवट सुटलेली बाई, पन्नाशीचा कारागीर, निवृत्तीला आलेल्या शिक्षिका, त्यांना एक दडलेलं बटण त्या शंकेचं उत्तर देऊन टाकतं. ऑनलाइन शिक्षण ज्यांच्यासाठी म्हणून सुरू झालं त्यांनाच ते असं दारातून परत पाठवतं.

सुट्टी संपल्यावर बाईंनी शाळेत बोलावलं, वर्ग बघायला या म्हणाल्या. पहिलीची मुलं मधल्या सुट्टीला बाहेर गेली होती. भिंतीला कापडी खिसे शिवून लावले होते, प्रत्येकावर एका मुलाचं नाव आणि नाव वाचता न येणाऱ्यांसाठी एक चित्र, मासा, छत्री, बैल. अक्षरांचा तक्ता इतका खाली होता की वाचायला मला उकिडवं बसावं लागलं. मी तसा बसलेला पाहून बाई हसल्या. म्हणाल्या, “आधी वरच होता, सर. एक पोरगी रोज उड्या मारून ‘ळ’ला बोट लावायची. मग शिपाईमामांना सांगून खिळा खाली घेतला.” तक्त्याच्या हातभर वर, चुन्यात, जुन्या खिळ्याचं भोक अजून दिसत होतं.